परळची नोंदवही आणि वाशीचे पाळणाघर

उंदराच्या मादीला पिल्ले झाली की पहिल्या काही तासांतच, त्यांच्या पोटात आईचे दूध जाण्याआधी, ती उचलायची. गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली. एकेकाचे वजन जेमतेम ग्रॅमभर. दुसऱ्या वाणाची मादी नुकतीच व्यालेली असली की तिच्या घरट्यातला भुसा या पिल्लांच्या अंगाला हलकेच चोळायचा, म्हणजे परक्या वासाने ती त्यांना टाकत नाही, आणि मग त्यांना तिच्या पोटाशी सोडायचे. मोठी झाल्यावर कानाला ठरावीक जागी खाच पाडून क्रमांक द्यायचा. पुढे दीड-दोन वर्षे दर आठवड्याला प्रत्येक मादी हातात घेऊन बोटांनी गाठ चाचपायची आणि नोंदवहीत लिहायचे: आई कोण, दूध कोणाचे, गाठ कधी आली, कुठे आली. जॉन बिटनर यांनी 1936 मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेतून अशा अदलाबदलीचा निष्कर्ष मांडला. स्तनाचा कर्करोग हमखास होणाऱ्या वाणाची पिल्ले निरोगी वाणाच्या मादीने पाजली, तर मोठेपणी त्यांच्यात गाठी फार कमी येत. दुधातून काहीतरी उतरत होते. ते पुढे विषाणू म्हणून ओळखले गेले. त्यानंतरच्या दशकात मुंबईत परळला याच प्रश्नाभोवती काम सुरू झाले आणि तिथे नोंदवही एका मराठी स्त्रीच्या हातात होती. कर्करोगाच्या प्रतिकारशास्त्रात स्त्री शास्त्रज्ञांना पुढे कसे आणायचे याची चर्चा आज बहुधा पुरस्कारांपाशी आणि महिला दिनाच्या भाषणांपाशी थांबते. परळचा इतिहास नीट वाचला तर मला त्यातून वेगळेच दिसते. या क्षेत्रात स्त्रिया पहिल्या दिवसापासून होत्या. जिथे उंदीर, पेशी आणि नोंदी यांच्यावर त्यांचा हक्क मानला गेला आणि घरच्या कामाचा भार वाटून घेणारी व्यवस्था उभी राहिली, तिथे एकीनंतर दुसरी आणि दुसरीनंतर तिसरी आली. जिथे तसे झाले नाही, तिथे त्यांचे काम उरले आणि नाव गेले.

टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. मुंबईतल्या मुखाच्या कर्करोगाच्या 1000 रुग्णांचा त्यांनी 1944 मध्ये घेतलेला आढावा आजही सांगितला जातो. त्यांच्या हाताखाली आलेल्या कमल रणदिवे या पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ. जन्म पुण्याचा, 8 नोव्हेंबर 1917 चा. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीचे शिक्षण हुजूरपागेत आणि मग फर्ग्युसनमध्ये झाले. तिने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. ती वळली वनस्पतिशास्त्राकडे आणि प्राणिशास्त्राकडे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून तिने एमएस्सी केली, विषय सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रे. गणिताचे अभ्यासक जे. टी. रणदिवे यांच्याशी 1939 मध्ये लग्न झाले आणि त्यानंतर बिऱ्हाड मुंबईत आले. सीताफळाच्या गुणसूत्रांपासून उंदराच्या स्तनग्रंथीपर्यंतचा हा प्रवास वरवर पाहता आडवळणाचा वाटतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी वाचायची सवय दोन्हीकडे एकच. खानोलकर आणि रणदिवे यांनी 1940 च्या दशकात उंदरांच्या चार वाणांच्या निरोगी स्तनग्रंथींची तुलना केली. काही वाण कर्करोगाला लवकर बळी पडणारे, काही जवळपास मुक्त. गाठ येण्याआधीच ग्रंथीच्या घडणीत फरक दिसतो का, हा त्यांचा प्रश्न होता. मुंबई विद्यापीठाची पीएचडी रणदिवे यांना 1949 मध्ये मिळाली.

त्यानंतर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धन शिकायला गेल्या. शरीराबाहेर, काचनळीत माणसाच्या पेशी जिवंत ठेवण्याची ही विद्या तेव्हा फार थोड्यांना साधली होती. गाय यांच्या प्रयोगशाळेचे नाव आज ‘हेला’ पेशींमुळे सर्वांना ठाऊक आहे. मात्र तिथे जंतूंचा शिरकाव होऊ नये म्हणून हात धुण्यापासून भांडी निर्जंतुक करण्यापर्यंतची शिस्त बसवली ती मार्गारेट गाय यांनी. त्या जॉर्ज यांच्या पत्नी आणि शस्त्रक्रियागृहात काम शिकलेल्या परिचारिका. फेब्रुवारी 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गाठीचा तुकडा आला तेव्हा हातातले सँडविच संपवून तो बारीक कापायला बसली ती मेरी कुबिचेक ही तरुण साहाय्यक. नळ्यांवर ‘हेला’ ही अक्षरेही तिनेच लिहिली. त्या नळ्यांतल्या पेशी जगभर गेल्या. ज्या बाईच्या शरीरातून त्या काढल्या तिला विचारले गेले नाही, आणि ज्या बायकांच्या हातांनी त्या जगल्या त्यांची नावे कित्येक वर्षे तळटिपांतच राहिली. प्रयोगशाळेत स्त्री असणे आणि प्रयोगशाळा स्त्रीची असणे यांत किती अंतर आहे, ते इथे दिसते.

हे अंतर बाल्टिमोरपुरते नव्हते. प्रतिकारशक्ती कर्करोगाला ओळखते का, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उंदरांवर तपासला जाऊ लागला तेव्हा मोठीच फसगत झाली होती. एका उंदराची गाठ दुसऱ्यात रुजवली की ती गळून पडे आणि संशोधक आनंदाने म्हणत, पाहा, शरीराने कर्करोग हरवला. प्रत्यक्षात शरीराने परका उंदीर नाकारलेला असे. हा घोळ मिटवायला पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांत जुळवून शुद्ध केलेले वाण हवे होते. त्यांपैकी पुष्कळांचे मूळ मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावच्या ॲबी लॅथ्रॉप यांच्या कोठारात आहे. शाळेतली नोकरी सोडलेल्या या बाईंनी 1900 च्या सुमारास हौशी लोकांना विकायला उंदीर पाळायला घेतले. एका काळी त्यांच्याकडे 11000 हून अधिक उंदीर होते. काहींच्या अंगावर गाठी दिसल्या तेव्हा त्यांनी स्वतःहून नमुने शास्त्रज्ञांकडे पाठवले. लिओ लोब यांनी कर्करोगाचे निदान केले आणि दोघांनी मिळून 1913 पासून शोधनिबंधांची मालिका छापली. अंडाशय काढले की स्तनाच्या गाठी कमी होतात, हे त्यांतूनच पुढे आले. आज जगातल्या प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरला जाणारा काळा उंदीर, सी57ब्लॅक, लॅथ्रॉप यांच्या साठ्यातल्या 57 क्रमांकाच्या मादीचा वंशज आहे. तरीही दीर्घकाळ त्यांची ओळख ‘उंदीर विकणारी बाई’ एवढीच राहिली. पुढे 1957 मध्ये रिचमंड प्रेन आणि जोन मेन यांनी शुद्ध वाणाच्या उंदरांत दाखवले की रसायनाने उठवलेल्या गाठीविरुद्ध खरोखर प्रतिकार निर्माण होतो आणि तो, गाठ ज्या प्राण्यातून आली त्याची कातडी नाकारत नाही. गाठीची स्वतःची अशी खूण असते, हे त्या निबंधाने पक्के केले. त्यातले पहिले नाव अनेकांना माहीत असते, दुसरे थोड्यांना. स्टॉकहोममध्ये एवा क्लाइन यांच्या वाट्याला थोडे बरे दिवस आले. नाझींच्या छळातून बुडापेस्टमध्ये लपून वाचलेल्या या ज्यू मुलीने पती जॉर्ज यांच्यासोबत कॅरोलिन्स्का संस्थेत आयुष्यभर काम केले, आणि 1975 मध्ये ‘नॅचरल किलर’ या प्रतिकारपेशींना ओळख देणाऱ्या चमूत त्या होत्या. पण तिथेही बाहेरचे जग आधी पतीचे नाव घेई.

आता परळकडे पाहा. भारतीय कर्करोग संशोधन केंद्र 1952 मध्ये तिथेच उभे राहिले, खानोलकर त्याचे पहिले संचालक. बाल्टिमोरहून परतलेल्या रणदिवे यांना तिथे नुसते टेबल मिळाले नाही. 1960 च्या दशकात त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. पेशींना लागणारे पोषकद्रव बाहेरून मागवणे महाग आणि बेभरवशाचे होते, म्हणून जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकलेल्या आपल्या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी ते इथेच तयार केले. पाठोपाठ कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र असे तीन नवे विभाग सुरू केले. 1966 ते 1970 या काळात संस्थेचे प्रभारी संचालकपदही त्यांच्याकडे होते. त्याच वास्तूत सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा वाढवली आणि सुपारीशी जोडलेल्या, तोंड उघडेनासे करणाऱ्या तंतुमय रोगाच्या ऊती बारकाईने पाहिल्या. प्रतिकारशास्त्र विभागाची धुरा पुढे सुधा गांगल यांनी सांभाळली. त्यांच्या पाठ्यपुस्तकावर कितीतरी विद्यार्थी शिकले. त्यांच्यानंतरच्या पिढीतल्या शुभदा चिपळूणकर पुढे खारघरला गेलेल्या याच संस्थेच्या संचालक झाल्या. त्यांच्या प्रयोगशाळेने 2000 मध्ये प्रसिद्ध केलेले एक काम मला फार मोलाचे वाटते. अन्ननलिकेचा कर्करोग झालेल्या रुग्णांच्या रक्तातल्या गॅमा-डेल्टा टी-पेशी, म्हणजे संख्येने थोड्या आणि नेहमीच्या ओळखपत्राशिवाय शत्रू ताडणाऱ्या प्रतिकारपेशी, त्याच रुग्णाच्या गाठीतल्या पेशी मारू शकतात आणि त्या ओळखीत ‘हीट-शॉक’ प्रथिनांचा हात असतो, असे त्यात दाखवले होते. रणदिवे, गांगल, चिपळूणकर: एकाच संस्थेत तीन पिढ्या, आणि तिघींच्याही हाती विभागाचा किंवा संस्थेचा कारभार. कुणाच्या पत्नी म्हणून किंवा कुणाच्या साहाय्यक म्हणून त्या तिथे नव्हत्या. याचे श्रेय खानोलकरांनाही द्यायला हवे. त्यांनी विद्यार्थिनीला विषय दिला आणि विषयाबरोबर साधनेही दिली.

यावर कुणी म्हणेल, रणदिवे यांचे काम स्तनाच्या कर्करोगाच्या जीवशास्त्राचे आणि कुष्ठरोगाचे. त्यांना प्रतिकारशास्त्राच्या इतिहासात ओढणे म्हणजे ताणाताण आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण थोरांच्या नावावर नसलेले शोध चढवायची आपल्याला खोड आहे. पण दुधातल्या त्या विषाणूचे पुढे काय झाले ते पाहावे. उंदरांच्या काही वाणांत टी-पेशींचे काही गट जन्मानंतर नाहीसे होतात, हे 1980 च्या दशकात लक्षात आले होते. कारण कळत नव्हते. फिलिपा मॅरॅक यांनी एला कुश्निर आणि जॉन कॅपलर यांच्यासह 1991 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की आईकडून पिल्लांना मिळणारा हा घटक म्हणजे स्तनाच्या गाठीचाच विषाणू. त्याच्या एका प्रथिनाने टी-पेशींचे आख्खे गट एकदम चेतवले जातात. या प्रकारच्या प्रथिनांना ‘सुपरअँटिजेन’ म्हणतात. म्हणजे कोणते दूध कोणत्या पिल्लाने प्यायले याच्या नोंदी ठेवणारे लोक नकळत प्रतिकारशास्त्राच्याच दारात उभे होते. मॅरॅक यांचा शोध रणदिवे यांच्या नावावर लिहा असे मी म्हणत नाही. पण ज्या विषाणूवर परळला काम होत होते त्याच विषाणूने पुढे टी-पेशींचे एक कोडे सोडवले. शिवाय गाठीच्या पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवता आल्या नाहीत तर टी-पेशी त्यांना मारतात की नाही हे तपासताच येत नाही. परळची ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा म्हणजे चिपळूणकरांच्या प्रयोगाची पूर्वअट होती.

रणदिवे यांच्या कामाचा दुसरा अर्धा भाग शोधनिबंधांत सापडत नाही. 1973 मध्ये त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. अशा संघटनेने एरवी परिसंवाद भरवले असते, सत्कार केले असते, स्मरणिका काढली असती. हिनेही परिसंवाद घेतले, पण नवी मुंबईत वाशीला जी वास्तू उभी राहिली तिच्यात नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आहे आणि मुलांसाठी पाळणाघर आहे. ही निवड सहज झालेली नसावी असे मला वाटते. उंदरांच्या प्रयोगाला दोन वर्षे लागतात आणि तो मध्ये सोडला तर सगळे मुळापासून करावे लागते. काचनळीतल्या पेशींचे पोषकद्रव दोन-तीन दिवसांनी बदलावेच लागते. मधे रविवार आला, गणपती आले, लेकराला ताप आला तरी पेशी थांबत नाहीत. आयुष्याची जी वर्षे अशा कामात गुंतवायची, नेमक्या त्याच वर्षांत आपल्याकडे मुलीचे लग्न होते, बाळंतपण होते, सासरच्या गावी बदली होते. ज्या स्त्रीने हे सगळे सांभाळून काम केले होते तिला मदत कुठे हवी हे कागदावर समजावून सांगायची गरज नव्हती. बाळंतपणाची 12 आठवड्यांची रजा 1961 च्या कायद्याने दिली होती, पण रजा संपल्यावर मूल ठेवायचे कुठे? खंड पडलेल्या स्त्रियांना संशोधनात परत आणणारी केंद्र सरकारच्या विज्ञान विभागाची योजना 2002 च्या आसपास आली. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे करणारी दुरुस्ती 2017 मध्ये झाली, तेव्हाच रजा 26 आठवड्यांची झाली. सरकारला जे सुचायला इतकी वर्षे लागली, ते काही संशोधक बायकांनी वर्गणी आणि देणग्या जमवून कितीतरी आधी करायला घेतले होते.

याला तीन बाजूंनी विरोध होतो. पहिला गुणवत्तेचा: विज्ञानात स्त्री-पुरुष कशाला, ज्याचे काम चांगले तो पुढे जाईल. याचे उत्तर कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांच्या अर्जात आहे. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून 1933 मध्ये त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या आणि सी. व्ही. रामन यांनी त्या केवळ स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत तेव्हा वर्षभर परीक्षाकाळ म्हणून घेतले. त्याच मुलीने 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली. गुणवत्ता आधीही होती, दार बंद होते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि त्यात तथ्य आहे: कमल समर्थ यांना जीवशास्त्राचे प्राध्यापक वडील मिळाले, पुण्यातली शाळा मिळाली, पदव्युत्तर अभ्यासात मदत करणारा नवरा मिळाला; ही संधी तेव्हाच्या महाराष्ट्रात हजारांत एखादीला होती, मग त्यांच्या यशावरून कुणासाठी काय सिद्ध होते? त्यांच्या यशावरून नाही, त्यांच्या संघटनेवरून सिद्ध होते. घरच्या पाठबळावर जे एकीला मिळाले ते नात्यागोत्याबाहेरच्या मुलीला मिळायचे तर ते घराबाहेर उभे करावे लागते. वसतिगृह म्हणजे मुंबईत काका-मामा नसलेल्या मुलीचे काका-मामा. निवृत्तीकडे झुकल्यावर त्या तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामातही उतरल्या होत्या, हे इथे आठवते. तिसरा आक्षेप आजच्या स्त्रीवादी मंडळींचा आहे आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. पाळणाघराला ‘महिला’ योजनेत बसवले की मूल ही आईचीच जबाबदारी आहे यावर आपणच शिक्का मारतो. खरे आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतली 730 दिवसांची बालसंगोपन रजा स्त्रियांना मिळते, बहुतेक बापांना मिळत नाही, आणि हे बदलायला हवे. परंतु 1970 च्या दशकातल्या संशोधक आईपुढे पर्याय नवऱ्याची रजा हा नव्हता, पर्याय होता नोकरी सोडणे. वाटणी न्याय्य होईपर्यंत पाळणाघराला कुलूप लावून ठेवा, असे तिला कोण सांगणार?

परळमधले संशोधन केंद्र 2002 मध्ये खारघरला गेले. भारतात तयार झालेल्या पहिल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी ओळखणारा रिसेप्टर त्यांच्यात बसवायचा, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवायची आणि त्या परत शरीरात सोडायच्या, असा हा उपचार. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांनी तो मिळून घडवला. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेतून 2021 मध्ये आलेल्या त्यामागच्या शोधनिबंधात पहिले नाव अलका द्विवेदी यांचे आहे, आणि त्यातले पुरावे पुन्हा उंदरांवरचेही आहेत. पहिले नाव पीएचडी करणाऱ्या मुलीचे, हे परळच्या रीतीला धरूनच झाले. पण देशातल्या एकूण संशोधकांत स्त्रियांचे प्रमाण 2018 च्या सरकारी आकडेवारीत 16.6 टक्के होते. जीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत मुली भरपूर दिसतात, मग मधल्या वर्षांत त्या जातात कुठे? शिष्यवृत्त्यांच्या वयोमर्यादेत, नवऱ्याच्या बदलीत आणि ‘कर्मचारी’ या शब्दात. पीएचडी करणारी मुलगी शिष्यवृत्तीधारक असते, कर्मचारी नसते. पाळणाघराचा कायदा डोकी मोजतो तेव्हा ती त्या मोजणीत येत नाही, आणि ऊतीसंवर्धन कक्षात रविवारी पोषकद्रव बदलायला आलेली बहुधा तीच असते.

वाशी आणि खारघर हार्बरच्या एकाच लोकलवर आहेत, मध्ये सानपाडा, जुईनगर, नेरुळ, सीवूड्स आणि बेलापूर. 1973 मध्ये सुरुवात करणाऱ्या बारा जणींना मूल ठेवण्याची सोय प्रयोगशाळेच्या बाहेर, स्वतःच्या हिमतीवर करावी लागली. आज नव्या कर्करोग संस्थेचा नकाशा मंजुरीसाठी येतो तेव्हा प्राणिगृहाला किती चौरस मीटर, पेशींच्या कक्षाला किती, हे आधीच आखलेले असते. त्याच नकाशावर, त्याच मजल्याच्या आसपास, शिष्यवृत्तीधारकांच्या मुलांसाठी खोली आखली आहे का, आणि तिथे लेकरू सोडायला आलेल्या बापालाही दार उघडे आहे का, हे मंजुरी देणाऱ्याने सही करण्याआधी पाहावे.